छोट्या खाऱ्या टाकीत कोणाला घ्यावे? मासे आणि सफाईवाले निवडण्याची पद्धत

सांगली-मिरजेत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याची पहिली अडचण ही, की समुद्र येथून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर, आंबा घाटाच्या पलीकडे आहे. मासे तर त्या समुद्रातूनही सहसा येत नाहीत. ते मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्याकडून थर्माकोलच्या पेटीत, रात्रीच्या खासगी बसने येतात. पहाटे पेटी सोडवून घरी आणली की तिच्यात जे निघेल ते आपले झाले, कारण न पटलेला मासा परत घेणारे दुकान जवळपास नसते. त्यातून तो मासा एकदा दगडांच्या कपारीत शिरला की जाळीने हाती लागत नाही आणि त्याला काढायचे म्हटले तर दगडांची सगळी रचना उपसावी लागते. गोड्या पाण्याच्या टाकीतली चुकीची निवड दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते, खाऱ्या टाकीतली अनेकदा वर्षभर सोसावी लागते. म्हणून टाकी कशी उभारावी याच्या तपशिलात फार न शिरता, तिच्यात कोणाला घ्यावे, कोणाला घेऊ नये आणि कोणत्या क्रमाने घ्यावे, एवढ्याचाच विचार येथे केला आहे.

पहिली पायरी : टाकीचे माप आणि कागदावरची यादी

पुढचे सर्व आकडे ६० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढ्याच उंच टाकीसाठी आहेत. हिशेबाने तिच्यात १२० लिटर पाणी मावते, परंतु दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की १०० लिटरच धरावे. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (खारेपणा दाखवणारे माप) १.०२५ आणि तापमान २५ ते २६ अंश सेल्सियस असावे. मीठ कालवण्यासाठी नळाचे पाणी वापरू नये. त्यात क्लोरीन असते आणि पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की त्या पाण्याची तऱ्हा आठवड्या-आठवड्याला बदलते. आरओ आणि त्यापुढे डीआय (उरलेसुरले क्षार काढणारी) गाळणी लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, शून्यावर आणलेले पाणीच घ्यावे. अमोनिया व नायट्राइट (टाकीतल्या घाणीतून होणारी, जिवाणू वसल्यावर निपटली जाणारी विषारी द्रव्ये) ही दोन्ही मापे शून्यावर येऊन टिकेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, टाकी माशांविना चालवावी.

हे रिकामे आठवडे यादी करण्यासाठी आहेत. प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे दोन गोष्टी लिहाव्यात : त्याची जागा आणि त्याचे पोट. जागा म्हणजे तो टाकीच्या कोणत्या भागात राहतो, कोणती कपार स्वतःची मानतो आणि पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो. पोट म्हणजे तो काय खातो, ते अन्न आपल्या टाकीत रोज तयार होते का, आणि टाकीतला दुसरा एखादा प्राणीच त्याचे अन्न ठरत नाही ना. सगळे मासे शांत स्वभावाचे निवडूनही टाकी बिघडते ती बहुधा यामुळे, की दोघांची जागा एक असते किंवा एखाद्याचे पोट भरण्याची सोयच नसते. दुकानात दिसणारा मासा पिल्लू असतो, त्यामुळे यादीत लांबी लिहावी ती पूर्ण वाढीची. अशा टाकीसाठी नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढणारे तीन, फार तर चार मासे पुरेत. या संख्येला कंजूषपणा म्हणणारे भेटतील. त्यांचे ऐकण्यापूर्वी शेवटची पायरी वाचावी.

यादीवर फुली मारायच्या नावांची सुरुवात कायद्यापासून करावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि मोठ्या शिंपल्यांच्या काही जाती आहेत. काही शंखांनाही संरक्षण आहे. "सगळे ठेवतात" हे उत्तर वन खात्यापुढे चालत नाही. लाइव्ह रॉक नावाने मिळणारा दगड हा मुळात दगडी प्रवाळाचा सांगाडाच असतो, म्हणून तोही टाळून मानवनिर्मित दगड घ्यावा. जिवाणू त्यावरही वसतात, थोडा वेळ अधिक लागतो इतकेच. या लेखात रीफ म्हणजे असा दगड आणि त्यावर मश्रूम किंवा झोआंथिड यांसारखे मऊ प्रवाळ, तेही टाकीत वाढवून बिलासह विकणाऱ्याकडून घेतलेले, असे गृहीत धरले आहे. झोआंथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे तीव्र विष असते. त्यांना हातमोजे घालूनच हात लावावा आणि त्यांचा दगड स्वच्छ करण्यासाठी कधीही उकळू नये.

दुसरी पायरी : नांदणारे मासे

नवख्याने यादीची सुरुवात ऑसेलारिस क्लाउन या माशापासून करावी असे मला वाटते; टाकीत सोडण्याचा क्रम वेगळा आहे, तो सहाव्या पायरीत येईल. तो आठ-नऊ सेंटिमीटरच्या पुढे सहसा जात नाही, कोरडे दाणे लवकर खाऊ लागतो आणि टाकीत जन्मलेला मिळू शकतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम आणि विळिंजम येथील केंद्रांनी क्लाउनच्या पैदाशीचे तंत्र भारतात बसवले आहे. समुद्रातून धरलेल्या माशापेक्षा असा मासा प्रवासात आणि रोगात अधिक टिकतो, म्हणून विक्रेत्याला तसे स्पष्ट विचारावे. क्लाउन जोडीने घ्यावेत, मात्र दुकानातले दोन मोठे, ऐटबाज मासे निवडू नयेत. या जातीत सर्व पिल्ले आधी नर असतात. त्यांतला वरचढ मासा मादी होतो आणि एकदा मादी झालेला पुन्हा नर होत नाही. दोन मोठे मासे म्हणजे दोन माद्या असण्याचा संभव असतो आणि त्या एकमेकींना जगू देत नाहीत. त्याऐवजी दोन लहान पिल्ले, एक दुसऱ्यापेक्षा थोडे मोठे असे पाहून, एकाच दिवशी सोडावीत. पहिल्या काही दिवसांत लहान मासा मोठ्यापुढे आडवा होऊन अंग थरथरवताना दिसतो. नवखा माणूस त्याला झटका आला असे समजून घाबरतो, पण ती शरणागतीची खूण आहे आणि ती दिसली म्हणजे जोडी जमली.

क्लाउनला समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा अ‍ॅनिमोन हा प्राणी) लागतेच, हा समज चित्रांमुळे पसरला आहे. समुद्रफुलाशिवाय तो उत्तम राहतो. समुद्रफुलाला मात्र मुरलेली टाकी आणि प्रखर प्रकाश लागतो, शिवाय ते जागा बदलत फिरते आणि पंपात अडकून मेले तर एका रात्रीत सगळे पाणी नासवते. पहिले वर्षभर ते घेऊ नये.

क्लाउन वरच्या आणि मधल्या पाण्यात राहतात, म्हणून पुढचा मासा तळाचा हवा. येथे यलो वॉचमन गोबी आणि पिस्टल श्रिंप ही जोडगोळी घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. पिस्टल श्रिंप ही बोटभर कोळंबी दिवसभर वाळू उपसून बीळ राखते, परंतु तिची नजर अधू असते. गोबी बिळाच्या तोंडाशी बसतो आणि कोळंबी आपली एक मिशी त्याच्या अंगाला टेकवून बाहेर येते. धोका दिसताच गोबी शेपटी हलवतो आणि ती वाळूचा ढीग तसाच टाकून मागच्या मागे बिळात शिरते. काचेला नाक लावून बसले तर हा व्यवहार तासाभरात दहा वेळा दिसतो. या जोडीसाठी दोन गोष्टी आधीच सांभाळाव्या लागतात. दगड वाळूवर न ठेवता टाकीच्या तळाशी थेट टेकवून मग भोवती वाळू पसरावी, नाहीतर कोळंबी पाया पोखरते आणि दगड ढासळतात. दुसरे असे, की ती नांगी मिटते तेव्हा काचेवर खडा मारल्यासारखा टकटक आवाज येतो. पहिल्या रात्री मी काच तडकली असे समजून दिवा घेऊन टाकीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या होत्या.

चौथी जागा भरायचीच असेल तर चार-पाच पर्याय आहेत. टेलस्पॉट ब्लेनी सहा सेंटिमीटरचा, दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारा गमतीदार मासा आहे, परंतु टाकीला तीन-चार महिने होऊन दगडांवर शेवाळाचा थर धरल्याशिवाय तो आणू नये. रॉयल ग्रामा हा कॅरिबियन समुद्रातला जांभळा-पिवळा मासा एक कपार आपली मानतो आणि तिच्या तोंडाशी आलेल्याला नुसता जबडा उघडून दाखवतो. तेवढ्यावर भांडण मिटते. पजामा कार्डिनल दिवसभर एका जागी तरंगत राहणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा आहे. बांगाई कार्डिनल त्याहून देखणा असतो, पण तो इंडोनेशियाच्या बांगाई बेटांभोवतीच आढळतो आणि व्यापारासाठीच्या उपशामुळे तेथे संकटात आला आहे, तेव्हा टाकीत जन्मलेला मिळाला तरच घ्यावा. फायरफिश फार नाजूक चणीचा, सावली हलली तरी दचकणारा आणि दचकला की उडी मारणारा मासा आहे. तो घ्यायचा तर झाकण हवेच. सांगलीच्या उन्हाळ्यात काचेचे झाकण उष्णता कोंडून ठेवते, म्हणून खिडकीला मच्छरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चौकटीवर ताणून बसवावी. मासाही आत राहतो आणि वाफही बाहेर जाते.

तिसरी पायरी : ज्यांना मोह होऊनही घेऊ नये

निळा डॅमसेल स्वस्त, चपळ आणि चिवट असतो, आणि नेमक्या याच गुणांमुळे तो नवख्यांच्या गळ्यात मारला जातो. माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी एका विक्रेत्याने "टाकी सुरू करायला" म्हणून दोन निळे डॅमसेल दिले. त्यांतल्या एकाने दुसऱ्याला पंधरा दिवसांत संपवले आणि नंतर आलेल्या क्लाउनच्या शेपटीच्या झिरमिळ्या केल्या. त्याला धरण्यासाठी एका रविवारी सगळे दगड बादल्यांत काढावे लागले, पाणी दुधासारखे झाले आणि अखेर तो ज्या दगडाच्या भोकात बसून होता तो दगड बादलीतून तिसऱ्यांदा उचलला तेव्हा खाली पडला. तीनपट्टी आणि डॉमिनो हे त्याचेच भाऊबंद, मोठेपणी त्याहून दांडगे. डॉटीबॅक आणि सिक्सलाइन रास आकाराने लहान असतात, तरी टाकीवर मालकी सांगून नंतर येणाऱ्याचा छळ करतात.

ब्लू टँग पिल्लू असताना पाच सेंटिमीटरचा दिसतो आणि पूर्ण वाढीत तीस सेंटिमीटरपर्यंत जातो. लहान मुलांनी बोट दाखवून मागितला तरी या टाकीत त्याला वळायलाही जागा नाही. फुलपाखरू मासे प्रवाळांचे लचके तोडतात. ट्रिगर आणि पफर यांच्या दृष्टीने आपले सगळे सफाई पथक (शंख, खेकडे, कोळंब्या) म्हणजे मांडलेले ताट असते. लायनफिशच्या तोंडात मावेल ते त्याचे अन्न, आणि त्याचे काटे विषारी असतात.

स्वभावाने गरीब असूनही घेऊ नयेत असे दोन मासे वेगळे सांगायला हवेत. मँडरिन हा रंगांनी वेड लावणारा मासा दगडांवरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव दिवसभर टिपतो; १०० लिटरच्या नव्या टाकीतले कोपेपॉड तो काही आठवड्यांत संपवतो आणि मग दाण्यांच्या पावसातही उपाशी मरतो. दुसरा क्लीनर रास. नावात क्लीनर असल्यामुळे तो काच साफ करील अशी अनेकांची समजूत होते. प्रत्यक्षात तो मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी आणि चिकट स्राव खातो. आपल्या तीन-चार छोट्या माशांवर त्याचे भागत नाही, आणि त्यांना मात्र त्याचा जाच होतो.

चौथी पायरी : सफाईवाले

सफाईवाल्यांविषयी सगळ्यात मोठा गैरसमज असा, की ते केरसुणीसारखे असतात : जितके अधिक तितकी टाकी लख्ख. ते प्राणी आहेत. त्यांना रोज भूक लागते आणि तेही विष्ठा टाकतात. माशांची विष्ठा खाऊन टाकणारा कोणताही शंख किंवा खेकडा नाही. ते काम गाळणी, स्किमर (फेसाबरोबर मळ बाहेर काढणारे यंत्र) आणि दर आठवड्याला बदललेल्या दहा लिटर पाण्याचेच आहे. बाजारात "अमुक लिटरला पन्नास" असे तयार संच सुचवले जातात. तेवढे प्राणी नव्या टाकीत सोडले की महिन्याभरात शेवाळ संपते, निम्मे शंख उपासमारीने मरतात आणि त्यांच्या सडण्याने अमोनिया वाढून नवे शेवाळ येते. म्हणून आधी घाण कोणती आहे ते पाहावे आणि तेवढ्यालाच पुरेल असा खाणारा आणावा.

नव्या टाकीत पहिला येतो तो तपकिरी, बोटाने पुसला जाणारा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा थर. तो काचेवर आणि दगडांवर दिसू लागला की तीन-चार ट्रोकस किंवा अ‍ॅस्ट्रिया शंख आणि तितकेच सेरिथ पुरतात. काच आणि दगड ट्रोकस-अ‍ॅस्ट्रियाने सांभाळावेत, वाळू आणि कोपरे सेरिथने. ट्रोकस उलटा पडला तर बहुधा स्वतः सरळ होतो. अ‍ॅस्ट्रियाला ते जमत नाही, तो उताणा पडून राहतो आणि खेकड्यांच्या तावडीत सापडतो, म्हणून सकाळी टाकीवर नजर टाकताना उताणे शंख सरळ करण्याची सवय लावून घ्यावी. टर्बो शंख शेवाळ भराभर खातो, पण तो लिंबाएवढा आणि वजनदार होतो आणि नीट न चिकटवलेले प्रवाळ वाटेत पाडत जातो. या आकाराच्या टाकीत एकच पुरे, आणि नसला तरी चालेल.

उरलेल्या खाद्यासाठी नॅसेरियस शंख घ्यावेत, सुरुवातीला तीन. ते शेवाळाला तोंड लावत नाहीत. दिवसभर वाळूत गाडून घेतात आणि त्यांची सोंडेसारखी बारीक नळी तेवढी वर डोकावत राहते. टाकीत गोठवलेल्या मायसिसचा (माशांना घालायच्या बारीक कोळंबीसारख्या जिवांचा) चिमूटभर तुकडा पडला की अर्ध्या मिनिटात वाळू ठिकठिकाणी फुगते आणि एकेक शंख जमिनीतून उगवल्यासारखा वर येऊन वासाच्या दिशेने धावू लागतो. शंख धावतो हे तेव्हा पटते. नॅसेरियस वर येईनासे झाले तर पाण्यात काहीतरी बिघडले आहे असे समजून मापे घ्यावीत.

हर्मिट क्रॅबबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. निळ्या पायांचे छोटे दोन-तीन ठेवायला हरकत नाही, ते कपारीतले अन्नकण वेचतात. पण वाढत्या अंगाला मोठे कवच हवे असले की ते सरळ जिवंत शंखाला मारून त्याचे घर बळकावतात. थोडी मोठ्या मापाची पाच-सहा रिकामी कवचे वाळूत टाकून ठेवली तर हे पुष्कळसे टळते, पूर्णपणे टळत नाही.

रत्नागिरी-मालवणच्या सहलीतून खिशात घालून आणलेले शंख आणि खेकडे टाकीत सोडण्याचा मोह टाळावा. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तेथून काहीही उचलणे गुन्हा आहे. इतर ठिकाणचे असले तरी भरती-ओहोटीच्या खडकांवरचे नेराइट शंख सवयीने पाण्याबाहेर चढतात आणि सकाळी भिंतीवर वाळलेले सापडतात. शिवाय शेवाळ खाणारा शंख आणि दुसऱ्या शंखाला भोक पाडून खाणारा शंख यांतला फरक नवख्याला ओळखता येत नाही.

कोळंब्यांपैकी लाल-पांढऱ्या पट्ट्याचा क्लीनर श्रिंप एक किंवा दोन ठेवावेत. तो उरलेले अन्न खातो, माशांच्या अंगावरूनही काही टिपतो, आणि थोड्याच दिवसांत पाण्यात घातलेल्या हातावर चढून नखे साफ करू लागतो. दर काही आठवड्यांनी तो कात टाकतो. टाकलेली कात डोळे, मिश्या आणि पायांसकट इतकी हुबेहूब असते की कोळंबी मेली असे वाटून घरात हळहळ व्यक्त होते आणि खरी कोळंबी दगडामागे मऊ अंगाने लपून बसलेली असते. त्या दोन दिवसांत तिला शोधण्यासाठी दगड हलवू नयेत. पेपरमिंट श्रिंप हा एप्टेशिया नावाच्या उपद्रवी समुद्रफुलाचा शत्रू म्हणून आणला जातो. पण त्याच्यासारखाच दिसणारा कॅमल श्रिंप मऊ प्रवाळ कुरतडतो. ज्याच्या लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेषा आणि ठिपके आहेत आणि पाठीला कुबड आहे तो कॅमल. बॉक्सर म्हणून विकली जाणारी लांब नांग्यांची पट्टेदार कोळंबी या टाकीत दुसऱ्या कोळंब्यांना ठेवत नाही, म्हणून ती घ्यायची तर एकटीच.

वाळू चाळणारा तारामासा वर्षाच्या आत वाळूतले सगळे सूक्ष्म जीव संपवून उपाशी मरतो, म्हणून तो यादीत नको. दगडांतून आपोआप निघणारे केसाळ ब्रिसल वर्म मात्र दिसायला किळसवाणे असले तरी फुकटचे सफाईवाले आहेत, त्यांना मारू नये. उघड्या हाताने पकडूही नये, केस टोचतात.

पाचवी पायरी : पाहून घेणे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा करणारा हळकुंड मोडून पाहिल्याशिवाय बोली लावत नाही. माशाच्या बाबतीत मोडून पाहण्याची जागा खाण्याने भरून काढावी. शक्य असेल तर स्वतः जाऊन, नाहीतर मोबाइलवर चलचित्र मागवून, तो मासा आपल्यासमोर खातो का ते पाहावे. त्याचे पोट आत गेलेले नसावे, श्वास भराभर चाललेला नसावा, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके किंवा धुळीसारखा थर नसावा. त्याच पाण्यातला दुसरा मासा आजारी असेल तर आपला मासाही आजारी आहे असे धरून चालावे. शंख काचेला घट्ट धरून असावा, आणि उलटा केल्यास तोंड मिटून घेणारा असावा. विक्रेत्याला त्याच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व विचारून लिहून घ्यावे. मीठ वाचवण्यासाठी आणि परजीवी दबून राहावेत म्हणून अनेक दुकानांत ते १.०२० किंवा त्याहूनही खाली ठेवलेले असते, आणि पुढच्या पायरीला हाच आकडा लागतो.

सहावी पायरी : आणणे आणि वेगळे ठेवणे

प्रत्येक मासा चार आठवडे वेगळ्या, ३०-४० लिटरच्या उघड्याबोडक्या टाकीत ठेवावा. तिच्यात पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे, मुरवलेला स्पंज फिल्टर आणि हीटर एवढेच असावे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध चालते, परंतु तांबे शंख, कोळंबी आणि प्रवाळ यांना मारते, म्हणून ते मुख्य टाकीत कधीच घालता येत नाही. हा रोग मुख्य टाकीत शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती सुमारे ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते. चार आठवड्यांचा कंटाळा त्यापुढे काहीच नाही.

रात्रभर प्रवास करून आलेल्या माशाची पिशवी उघडून तासन् तास थेंब-थेंब पाणी सोडत बसण्याची जुनी पद्धत मी सोडून दिली. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठल्याने पाण्याचा पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही; पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. यावर उपाय असा, की वेगळ्या टाकीचे पाणी आदल्या दिवशीच विक्रेत्याच्या आकड्याइतके करून ठेवावे, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे त्यात तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि पिशवी उघडताच मासा उचलून सोडावा. पिशवीतले पाणी फेकून द्यावे. पुढच्या पाच-सहा दिवसांत थोडे थोडे करून विशिष्ट गुरुत्व १.०२५ वर आणावे. शंख आणि कोळंब्यांचे शास्त्र वेगळे आहे. त्यांना क्षारतेतला झटका अजिबात सोसत नाही, म्हणून त्यांना बारीक नळीने, सेकंदाला दोन-तीन थेंब या गतीने, तास-दीड तास पाणी द्यावे.

सोडण्याचा क्रम भित्र्यापासून दांडग्याकडे असावा. डायटम दिसताच शंख, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी क्लीनर श्रिंप, मग पिस्टल श्रिंप आणि गोबी, त्यापुढे किमान तीन आठवड्यांनी क्लाउनची जोडी. चौथा मासा ग्रामा किंवा कार्डिनल असेल तर तो क्लाउनच्या आधी यावा. फायरफिश असेल तर तो माशांत सगळ्यात पहिला. क्लाउन एकदा घर मांडून बसले की नंतर येणाऱ्याला हुसकावतात. प्रत्येक नव्या माशानंतर आठवडाभर एक दिवसाआड अमोनिया मोजावा आणि तो शून्य असेल तरच पुढच्या नावाकडे वळावे. नवा मासा संध्याकाळी, दिवे मालवून सोडावा आणि त्या रात्री खाद्य देऊ नये.

सातवी पायरी : उन्हाळा, पूर आणि माशांची संख्या

एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशीला टेकतो. पाण्यावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, त्यापुढे चिलर लागतो. पंख्यामुळे पाणी उडते, मीठ मागे राहते : १०० लिटरमधले तीन लिटर उडाले तर क्षारता (हजार भाग पाण्यातले मिठाचे भाग) ३५ वरून ३६ च्या पुढे जाते. माशांना ते चालून जाते, कोळंब्यांना जात नाही. म्हणून उडालेल्याच्या जागी रोज साधे आरओ पाणी, मीठ न घालता, भरावे.

माशांची संख्या कमी ठेवण्याचे खरे कारण वीज आहे. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने प्राणवायू कमी विरघळतो, आणि पाणी तापले की त्याहूनही कमी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या घरापर्यंत पाणी आले नाही, परंतु वीज तीन दिवस नव्हती. बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप आणि मगाने पाणी उंचावरून ओतत राहणे, एवढ्यावर दोन क्लाउन, एक गोबी आणि दोन्ही कोळंब्या तगल्या. त्याच काळात आठ-नऊ मासे ठेवणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांची टाकी दुसऱ्या सकाळी उरली नव्हती.

अशा वेळी खाद्य पूर्ण बंद ठेवावे. निरोगी मासे चार-पाच दिवस सहज काढतात. हवेच्या पंपासाठी सुट्या बॅटऱ्या जूनमध्येच आणून ठेवाव्यात. गाळणीचा डबा काही तासांहून अधिक बंद राहिला असेल तर आतले कुजके पाणी ओतून आणि स्पंज जुन्या खाऱ्या पाण्यात खळबळूनच तो पुन्हा सुरू करावा. वीज आल्यावर पहिले काम अमोनिया मोजण्याचे आणि दुसरे शंख मोजण्याचे. जो सापडत नाही तो वाळूत शोधावा, आणि हलत नसलेला हाती लागला तर नाकाजवळ नेऊन पाहावा. मेलेल्या शंखाचा वास एकदा घेतला की पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही. तो तेवढा ताबडतोब बाहेर काढावा.